फोटो काढायला ‘हो’ म्हणजे टाकायला ‘हो’ नव्हे



आजचा धडा फोटो स्टुडिओवाल्यांसाठी आहे. पण पार्लर, मेहंदी, ब्लाउज डिझाइनवाल्यांनीही वाचा. गिऱ्हाईकाचा फोटो स्टेटसला तुम्हीही टाकता ना?

समजा, बिडकीनमध्ये तुमचा नवा स्टुडिओ आहे. एक ताई मॅटर्निटी शूट करून गेल्या. फोटो झकास आले, म्हणून रात्री तुम्ही एक स्टेटसला ठेवला. सकाळी तो त्यांच्या सासरच्या ग्रुपवर! तुम्ही डिलीट केला, पण स्क्रीनशॉट कुणाकडे गेले हे आता कोण सांगणार? घरात बोलणी त्या ताईंना खावी लागली. त्या परत आल्या नाहीत, त्यांची जाऊ आणि मैत्रीणही आली नाही. ऑरिकमुळे गावात बाहेरची माणसं येतायत खरी, पण पैठण रोडवर अजूनही दर दोन दुकानांनंतर ओळखीचं कुणीतरी भेटतंच.

मॅटर्निटीचं हे, तर ‘बूद्वार’ शूटचं काय? हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ बाईची खासगी खोली. मोजक्या किंवा अंतर्वस्त्रांतल्या पेहरावात, स्वतःसाठी काढून घेतलेले फोटो. शहरांत हा व्यवसाय आहे. तिथे गिऱ्हाईक कॅमेऱ्याचे पैसे देतंच, पण त्याआधी विश्वासाचे देतं.

कायदा काय सांगतो?

१. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (१ जुलै २०२४ पासून लागू) नीट लक्षात ठेवा. बाईने असा खासगी फोटो काढायला संमती दिली, पण इतरांना दाखवायला दिली नाही, आणि तुम्ही तो पसरवला, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी किमान १ ते ३ वर्षं कैद आणि दंड.

२. ‘फोटो मी काढला, म्हणजे माझा’ हा गैरसमज काढून टाका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर उलट करार नसल्यास पहिला मालक ते गिऱ्हाईक.

३. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही तेच: संमती मोकळी हवी, ठरावीक कामापुरती हवी, आणि देण्याइतकीच ती मागे घेणंही सोपं हवं.

मग करायचं काय?

परवानगी दोनदा घ्या. शूटच्या आधी फक्त फोटो काढण्याची. टाकण्याची विचारायची ती फोटो दाखवल्यानंतर. न बघितलेल्या फोटोला कुणी काय परवानगी देणार?

साध्या मराठीत एक कागद करा. प्रत्येक ओळीपुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन:

– स्टुडिओतल्या नमुना अल्बममध्ये ठेवू का?
– इन्स्टाग्रामवर टाकू का?
– व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवू का?
– चेहरा न दिसणारा फोटोच वापरू का?

खाली फोटोंचे नंबर, तारीख, सही. एक प्रत त्यांना द्या. रिकामा चौकोन म्हणजे ‘नाही’. गप्प बसणं म्हणजेही ‘नाही’च.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, त्यांचे मिस्टर हो म्हणाले होते.’ फोटो ज्यांचा, सही त्यांची. नवऱ्याचा होकार हा त्यांचा होकार नव्हे. शक्य असेल तर परवानगीचं बोलणं एकट्याशी करा. आणि १८ वर्षांखालील मुलीचं असं शूट घ्यायचंच नाही, कुणीही आग्रह केला तरी.

‘फोटो टाकू दिला तर हजार रुपये कमी’ ही ऑफरही नको. पैशांची ओढ असली की ‘नाही’ म्हणणं अवघड होतं.

गळती कुठून होते?

बहुतेकांना वाटतं फोटो इन्स्टाग्रामवरूनच बाहेर जातात. तसं नाही. असिस्टंटचा मोबाईल, अल्बम लॅबला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइली, फोनचा आपोआप होणारा बॅकअप, दुरुस्तीला दिलेला कॉम्प्युटर, या सगळ्या वाटा आहेत. म्हणून असे फोटो वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या हार्डडिस्कवर ठेवा. एडिटिंग स्वतः करा किंवा कोण करणार ते आधी सांगा. फोटो दिल्यावर किती दिवसांनी तुमच्याकडची प्रत पुसणार, तेही कागदावर लिहा आणि त्या दिवशी खरंच पुसा.

उद्या कुणी म्हणालं, ‘दादा, तो फोटो काढून टाका,’ तर कारण विचारू नका, त्याच दिवशी काढा. मात्र एकदा नेटवर गेलेला फोटो पूर्ण परत येत नाही, हे सही घेण्याआधीच सांगा. हे ऐकून काहीजणी ‘नाही’ म्हणतील. म्हणू द्या.

‘मग जाहिरात कशी करू?’ मैत्रिणीला किंवा मॉडेलला ठरवून पैसे द्या, लेखी करार करा, नमुना शूट काढा. आणि दारावर एक पाटी लावा: ‘तुमचे फोटो तुमच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही जात नाहीत.’ बिडकीनसारख्या गावात हीच तुमची सगळ्यात मोठी जाहिरात ठरेल.

आजचा गृहपाठ: तुमच्या स्टुडिओचं अकाउंट उघडा. ज्या फोटोची परवानगी तुमच्याकडे लेखी नाही, तो आधी काढा, मग फोन करून विचारा.