खाडीतले शंख पाहायचे तर

महापे एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या बहुतेकांना ठाणे खाडी माहीत असते ती वासावरून आणि फ्लेमिंगोंच्या फोटोंवरून. मला तिच्या चिखलातले शंख जास्त आवडतात. घणसोली-कोपरखैरण्याच्या बांधांवर हिंडून जे उमगलं, ते असं :

१. घड्याळाआधी कॅलेंडरवरची तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं; पाणी जितकं चढतं तितकंच उतरतं. आपल्याकडे त्या दिवशीची भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सुकती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला. शिफ्टवाल्यांची एवढी सोय दुसरं कुणी बघत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, जाऊ नका; चिखल फारसा उघडा पडतच नाही.

२. टेलिस्कोपियम तिवरांच्या बुडाशी शोधा. आठ-दहा सेंटिमीटरचा काळपट, निमुळता शंख, बूड सपाट, अंगावर दाटीनं फिरलेल्या बारीक रेघा. चिखल माखला की तुटकी फांदीच वाटते. लिनियसनं १७५८ मध्ये नोंदवलेली ही जात हिंद आणि पश्चिम प्रशांत महासागरांच्या उष्ण किनाऱ्यांवर, कांदळवनांतच राहते. तिला खडक चालत नाही, स्वच्छ वाळूही नाही. रोज भिजणारा आणि रोज उघडा पडणारा मऊ गाळ हवा. ऊन तापलं की शंख झाकण लावून पडून राहतात, बरेचदा घोळक्यानं. अशा वेळी ते मेलेत असं समजू नका. सावलीत, ओल्या गाळावर थोडा वेळ नजर ठेवा : शंखाखालून लांब सोंड निघते आणि वरचा थर चाटत सुटते. शेवाळ, कुजलेल्या पानांचा बारीक गाळ, हेच जेवण. शंखाच्या तोंडाशी, त्वचेच्या कडेवर, या प्राण्याला तिसरा डोळाही असतो! तो मला अजून दिसलेला नाही.

३. उघड्या चिखलावर पट्ट्यापट्ट्यांचे बोटाच्या पेराएवढे शंख पसरलेले दिसतील, ते याच कुळातले. गाळावरच्या वळवळत्या रेघा त्यांच्याच.

४. भराभर पळणारा शंख दिसला तर आत खेकडा आहे.

५. रिकामा शंखही घरी आणू नका. खेकड्याला घर लागतं. शिवाय खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीनं पक्षी छान दिसतात, पण बोटीला पाणी लागतं आणि आपल्याला सुकती.

६. कारखान्यांच्या पट्ट्यातले नाले शेवटी याच खाडीला मिळतात. नाल्यातून आलेलं जे गाळात बसतं, ते गाळ चाटणाऱ्याच्या पोटात जातं. म्हणून खाडीचं आरोग्य तपासणारे संशोधक पाण्याच्या बाटलीबरोबर शंख-शिंपलेही प्रयोगशाळेत नेतात.

७. चिखलात उतरू नका. गमबूट आत राहतो, पाय तेवढा बाहेर येतो. बांधावरून दुर्बिणीनं बघा, आणि खाडीवरून परतणारा कुणी आगरी-कोळी काका भेटला तर आधी पाण्याची वेळ विचारा. मोबाइलवरच्या तक्त्यात बंदरातली वेळ असते, खाडीच्या आत पाणी जरा उशिरा वळतं.