मंडळी परतल्यावरची काशी

वैरागच्या यात्रेकरूंचा यंदाचा बेत असा: प्रयाग, गया, शेवटी काशी आणि तिथूनच रेल्वेनं परत. मावशींना ही परतीची गाडी जाणूनबुजून सोडायची आहे. भाची बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेली, म्हणून विचारपूस तिच्याकडंच.

मावशी : सगळी मंडळी गाडीत बसली की मी तिथं एकटी. चुकले तर गं?

भाची : काशीत चुकायला फार वाव नाही. गंगा तिथं वळण घेऊन उत्तरेकडं वाहते आणि सगळं जुनं गाव तिच्या पश्चिम काठावर. समोर वाळवंट, म्हणून उगवतीचं ऊन थेट पायऱ्यांवर येतं. अस्सी घाटावरून निघालीस की नदी उजव्या हाताला ठेव आणि पाणी जातंय तिकडं चाल. गल्लीबोळात गरगरलीस तर उताराला लाग, घाटच लागेल.

मावशी : आणि चालायचं किती?

भाची : अस्सीपासून वरणेच्या संगमापर्यंत सहा-सात किलोमीटर. घाट चौऱ्याऐंशी मोजतात. एका दमात करू नकोस. मंडळींबरोबर दशाश्वमेधाची आरती, नावेतली फेरी आणि विश्वनाथाचं दर्शन उरकून घे. देवळात मोबाइल नेता येत नाही, रांगेत ओळखीची चार माणसं असली की बरं पडतं. एकटीनं बघायची काशी त्याच्या पुढं सुरू होते, मणिकर्णिकेच्या उत्तरेला.

मावशी : तिथं काय आहे?

भाची : आपलीच माणसं! म्हणजे त्यांनी बांधलेलं गाव. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं, हे तुला ठाऊक आहे. पण मणिकर्णिका ओलांडलीस की लगेच शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी तो १८३० च्या सुमारास बांधायला घेतला, पण एवढा वजनदार झाला की खालची जमीनच खचली. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ कललेलं दिसेल, वर्षातले कितीतरी महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. पुढं नागपूरकर भोसल्यांचा घाट. मग बालाजी घाट, तिथल्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करायचे.

मावशी : आणि मी एवढी वर्षं काशी म्हणजे दशाश्वमेधच समजत होते.

(काशी करून आलेल्या बहुतेकांचं हेच होतं. यात्रा कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. पन्नास माणसं घेऊन त्या अरुंद बोळांत शिरायचं कसं?)

भाची : पंचगंगा घाटावर मात्र बूड टेकून बस. तिथं अहिल्याबाईंनी दिलेली दगडी दीपमाळ आहे. तू कार्तिकात जातेस ते उत्तमच. महिनाभर संध्याकाळी तिथं उंच वेळूंच्या टोकाला टोपल्या टांगून आकाशदिवे लावतात. आषाढ-श्रावणात गेली असतीस तर पायऱ्या पाण्याखाली आणि घाटाघाटांमधली वाट तुटलेली. एकनाथ महाराजांनी भागवतावरची टीका काशीतच पुरी केली, १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला.

मावशी : मग मी पौर्णिमेलाच थांबते की!

भाची : त्या रात्री देवदिवाळी असते. सगळे घाट पणत्यांनी भरतात आणि माणसांनीही. मुंगी शिरायला जागा नसते, खोल्यांचे भावही वाढतात. पहिल्यांदा एकटी राहणारीनं तो दिवस टाळावा. पंचगंगेच्या पुढं दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. तिथल्या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत, गणपती बसतो. ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर अशाच काशीकर मराठी घरातले. हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव फार मोठं.

मावशी : राहायचं कुठं? धर्मशाळेत?

भाची : काही धर्मशाळा एकट्या माणसाला खोली देत नाहीत, म्हणून इथूनच फोन करून ठरव. गोदौलियाच्या आसपास खोली घेतलीस तर घाट पायी होतील. आधार कार्डाची प्रत जवळ ठेव. मोठं बोचकं मंडळींबरोबर वैरागला लावून दे, खांद्यावर मावेल तेवढंच ठेव. मणिकर्णिकेवर कुणी येऊन म्हणेल, ‘लाकडासाठी दान द्या, पुण्य लागेल.’ नको म्हणायचं आणि पुढं निघायचं. फोटोही काढायचा नाही, तिथं लोकांच्या घरची माणसं जळत असतात.

मावशी : ते मला सांगायला नको. जेवणाचं काय? कंपनीचा आचारी तर मंडळींबरोबर जाणार.

भाची : सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी खा, तिथला नाष्टाच तो. थंडी पडली असेल तर मलइयो मिळेल, दुधाचा फेस असतो, केशर घातलेला. हिवाळा सोडून कधीच मिळत नाही. भाकरीची आठवण येईल, त्याला इलाज नाही.

मावशी : परतीच्या तिकिटाचं कसं?

भाची : कंपनीला आत्ताच सांग, म्हणजे एकत्र तिकिटातलं तुझं एकटीचं नाव वेळेत रद्द होईल. नव्या तिकिटावर स्टेशन नीट वाच. वाराणसी जंक्शन वेगळं, बनारस वेगळं. ते पूर्वीचं मंडुवाडीह, २०२१ मध्ये नाव बदललं. आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणजे जुनं मुगलसराय, गंगेच्या पार पलीकडं. तिथली गाडी असेल तर दोन तास आधी निघ.

मावशी : मंडळी गुरुवारी निघणार. शुक्रवारी सारनाथ करते.

भाची : सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि चार सिंहांचा अशोकस्तंभाचा माथा तिथंच आहे. नोटेवर बघतेस तो. शुक्रवारी घाट कर, शनिवारी सारनाथ.

मावशी : मग तिकीट रविवारचं काढ. माझे गुडघे धरलेत, वरचा बर्थ नको.

भाची : पंचेचाळिशीच्या पुढची बाई एकटी निघाली तर खालच्या बर्थचा कोटा असतो. मिळेलच असं नाही, पण त्यातून मागते. वय किती घालू?

मावशी : आधार कार्डावर आहे तेच घाल. आणि काकांना रविवारचं तूच सांग, माझ्यानं व्हायचं नाही.