एकच शब्द, तीन अर्थ

साहित्य मंडळाच्या अंकात कॅल्शियम कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण माझी धाकटी बहीण. दहावीपर्यंत आम्ही दोघी मराठी माध्यमात शिकलो. मी मराठी साहित्याकडे वळले, ती पीयूसीला सायन्सला गेली आणि सगळं एकदम इंग्रजीत आलं. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला साखरेच्या पाण्यात सदाफुलीचे परागकण रुजवायचे होते. शेजारणीच्या काचपट्टीवर नलिका फुटल्या, हिच्या नाही. घरी येऊन म्हणाली, "ताई, मला सायन्स जमणार नाही. मी आर्ट्सला येते." आर्ट्स म्हणजे हरलेल्यांची धर्मशाळा नव्हे, हे आधी सांगितलं. मग दोघी पुस्तक घेऊन बसलो.

पेशीच्या आतल्या द्रवात कॅल्शियमचे आयन बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतात, कारण पेशी त्यांना सतत बाहेर काढत असते. त्यामुळे दार क्षणभर उघडलं, तरी आतली पातळी लगेच चढते. शांत घरात भांडं पडल्यासारखं. काहीतरी घडलंय, हे पेशीला कळतं. पण नक्की काय, हे ती पातळी कुठे, कधी आणि किती वेळ चढते यावर ठरतं. आमच्या आईचं 'बरं' असंच आहे. पटकन म्हटलं तर होकार. लांबवलं तर आज आपली खैर नाही.

फुलात या शब्दाचा पहिला अर्थ 'वाढ'. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून परागनलिका निघते. ती टोकाशी वाढते आणि कॅल्शियमही तिथेच सर्वांत जास्त असतं. लिलीच्या नलिकेत तर वाढीच्या तालावर ते कमीजास्त होतं. दोन पुंयुग्मकं घेऊन नलिका बीजांडापर्यंत पोचते.

दुसरा अर्थ 'आता थांब'. भ्रूणकोषाच्या दाराशी दोन साहाय्यक पेशी असतात. नलिका आली की त्यांच्यात कॅल्शियमचे चढउतार सुरू होतात. मग नलिका फुटते, एक साहाय्यक पेशी मरते आणि पुंयुग्मकं मोकळी होतात. या पेशींवरच्या एका प्रथिनाला प्राचीन इटलीतल्या सुफलतेच्या देवीचं नाव आहे, फेरोनिया. ते बिघडलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या रोपांत नलिका दारापर्यंत येते, पण फुटत नाही. आत वाढतच राहते. हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. दारात आलेल्या पाहुण्याला 'बसा' म्हणणारं कुणी नसावं, तसं.

तिसरा अर्थ 'झालं'. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अंडपेशीतलं कॅल्शियम दोनदा चढलेलं दिसलं : एकदा नलिका फुटताना, आणि पुन्हा पुंयुग्मकाशी मीलन होताना. दुसरं पुंयुग्मक मध्यपेशीशी एकरूप होतं. हेच द्विफलन, जे नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवलं. अंडपेशीपासून भ्रूण होतो, मध्यपेशीपासून भ्रूणपोष. आपल्या ताटातला पांढरा भात म्हणजे हाच भ्रूणपोष.

आता बहिणीची काचपट्टी. 1963 मध्ये ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी एक जुनं कोडं सोडवलं. थोडेच परागकण ठेवले तर ते नीट रुजत नाहीत, गर्दीत मात्र रुजतात. कारण निघालं कॅल्शियम. गर्दीत ते एकमेकांकडून मिळतं. एकट्यादुकट्याला बाहेरून द्यावं लागतं. "तू किती कण टाकले होतेस?" मी विचारलं. "चारपाच. स्वच्छ दिसावं म्हणून."

पुढच्या वेळी तिने भरपूर टाकले आणि नलिका फुटल्या. एवढ्याने ती डॉक्टर होईल असं नाही. पण आर्ट्सचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

मंडळाला माझी एक विनंती आहे. मराठी माध्यमातून आलेली, पहिल्या वर्षाला गप्प बसणारी मुलं आपल्या कॉलेजातही आहेत. आठवड्यातून एक तास त्यांच्याबरोबर बसून त्यांचा धडा मराठीत बोलूया. चारपाच कणांना एकटं सोडलं, तर ते रुजणार कसे?