स्मृतिभ्रंश, आहार आणि वजन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तळ दिला, तेव्हापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशा एखाद्या घरातील स्मृतिभ्रंश झालेली आई "मला कोणी जेवायला दिले नाही" असे पाहुण्यांना सांगते, तेव्हा ठपका बहुधा सुनेवर येतो. जेवून तास झालेला असला, तरी त्याची आठवण तिच्या मेंदूत टिकलेली नसते. तथापि, अशी प्रत्येक तक्रार भ्रम मानणेही योग्य नव्हे. आहाराची खरी स्थिती वजनाच्या नोंदीवरून समजते.

वजन घटण्याची कारणे : गंध व चव मंदावणे, भूक ओळखता न येणे, घास तोंडात धरून ठेवणे, सतत येरझारा घालणे, दातदुखी, बद्धकोष्ठता आणि काही औषधांचे परिणाम ही प्रमुख कारणे होत. काही रुग्णांत वजन निदानापूर्वीच घटू लागते. याउलट, मेंदूच्या पुढील भागास विकार झाल्यास रुग्ण अति खातो व गोडाचा हव्यास धरतो. त्याचे वजन वाढते.

नोंद : दरमहा एकाच काट्यावर वजन घेऊन ते वहीत लिहावे. ५० किलोच्या व्यक्तीचे वजन महिन्यात अडीच किलो किंवा सहा महिन्यांत पाच किलो घटल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ग्वाल्हेरमध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जयारोग्य रुग्णालय आहे.

जेवण : थोडे थोडे अन्न अनेकदा द्यावे. मऊ भात, वरण, खिचडी यांवर तूप घालावे. एका वेळी एकच पदार्थ पुढे ठेवावा आणि घरच्यांनी सोबत जेवावे. पांढऱ्या बशीतील दहीभात रुग्णास नीट दिसत नाही. बोस्टन येथील २००४ च्या एका छोट्या अभ्यासात लाल भांडी वापरल्यावर रुग्णांचे खाणे २५ टक्के व पेय घेणे ८४ टक्के वाढले. ग्वाल्हेरच्या कडक उन्हाळ्यात पाणी, ताक वारंवार पुढे करावे. तहान लागल्याचे रुग्ण सांगेलच असे नाही. पुन्हा जेवण मागितल्यास वाद न घालता थोडे फळ द्यावे.

उत्तरावस्था : ठसका लागू लागल्यास रुग्णास ताठ बसवून लहान घास द्यावेत व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या अवस्थेत नळीवाटे अन्न दिल्याने आयुष्य वाढत असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून हाताने सावकाश भरविणेच तज्ज्ञ श्रेयस्कर मानतात. घास नाकारणे हा हट्ट नसून आजाराचे लक्षण आहे, हे घरातील सर्वांनी जाणल्यास रुग्णाचे हाल टळतात आणि शुश्रूषा करणाऱ्यावरील अकारण दोषही दूर होतो.