लोकगीत वर्गात नेताना

मराठी वाङ्मय मंडळात आपण लोकसाहित्य शिकतो ते बहुतेक परीक्षेच्या अंगानं. ओवी, भलरी, पाळणा, हादग्याची गाणी: प्रत्येकाची एक व्याख्या, दोन-तीन वैशिष्ट्यं, एखादं उदाहरण, की झालं. मीही पदवीच्या तिन्ही वर्षांत असंच लिहिलं आणि बरे गुणही मिळवले. पण गेलं दीड वर्ष दर शनिवारी सकाळी मी बेळगावातल्या एका प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना गाणं शिकवायला जाते. तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं की व्याख्या पाठ होती, गाणं मात्र येत नव्हतं. लहान मुलांच्या वर्गात लोकगीत कसं न्यावं, हे मी ज्या चुका करत शिकले त्याच क्रमानं इथं मांडते. पुढं तुमच्यापैकी कितीतरी जण शिक्षक होणार आहेत, तेव्हा उपयोग होईल.

१. सुरुवात लोकगीतानंच का?

हा विचार शाळेच्या अभ्यासक्रमापर्यंत नेणाऱ्यांत हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांचं नाव आधी घ्यावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आणि बेला बार्तोक खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी टिपू लागले. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस हंगेरियन लोकगीतांचं पियानोच्या साथीसह एक छोटं पुस्तक काढलं. कोदाय यांचं म्हणणं साधं होतं. मूल आधी मातृभाषा बोलतं, मग दुसरी भाषा शिकतं. संगीताचंही तसंच असावं, आणि संगीतातली मातृभाषा म्हणजे आपल्या लोकांची गाणी. १९५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, केच्केमेत इथं, गाण्याला रोजच्या अभ्यासात जागा देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली.

त्यांच्या पद्धतीत 'दो' हा सूर एका जागी बांधलेला नसतो, गाण्याच्या सोयीनं सरकतो. हे आपल्याला वेगळं शिकायला नको, कारण आपला 'सा' पहिल्यापासून सरकताच आहे. तिथली पहिली सुरांची जोडी बहुधा 'सो–मी' असते, म्हणजे आपले प आणि शुद्ध ग. मधल्या सुट्टीत मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला मैत्रिणीला हाक मारणारी मुलगी ऐका, पुष्कळदा हीच जोडी सापडेल.

आपल्याकडचा दाखला तर घराजवळचाच आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. पुढं त्यांनी लोकधुनांमधून नवे राग उभे केले, त्यांना 'धुनउगम राग' म्हणतात. म्हणजे लोकगीत ही शास्त्रीय संगीताच्या जिन्याची खालची पायरी आहे, असं समजण्याचं कारण नाही.

२. पहिली चूक: सा कुणाचा?

पहिल्या शनिवारी मी पेटी उघडली, खालच्या सप्तकातली काळी चार हा माझा नेहमीचा सा धरला आणि गायला लागले. मुलं घशातल्या घशात गुरगुरल्यासारखी करत होती. मला वाटलं, सगळा वर्ग बेसूर दिसतोय. तसं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा.

बेसूर कुणीच नव्हतं. तो सा माझ्या गळ्याचा होता, त्यांच्या नव्हे. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा आवाज साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत सहज चालतो. सा पांढरी दोनला धरला, तर सा ते प हे पाच सूर नेमके त्या पट्ट्यात बसतात. आणि आपली बरीचशी बालगाणी याच पाच सुरांत फिरतात, फार तर खालचा नी किंवा ध घेतात. पुढच्या शनिवारी मी पट्टी बदलली आणि तीच मुलं खणखणीत गायली. महिन्याभरानं मी पेटी नेणंच सोडलं. सुरुवातीला एकदा सूर द्यायला ती बरी, पण हादग्याच्या फेऱ्यात पेटी कधी कुणी वाजवली होती? टाळी पुरते.

३. गाण्याची बांधणी आणि मुलाचं अंग

वर्गात चालणाऱ्या लोकगीतात मला तीन गोष्टी सापडल्या. पहिली, फिरून फिरून येणारं पालुपद: ज्याला बाकी काही येत नाही, तोही तिथं सामील होतो. दुसरी, साखळी. एका वस्तूतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी गाणी मुलं दोनदा ऐकून म्हणतात, कारण मागची कडी पुढचीला ओढून आणते. तिसरी, हालचाल. फेर, फुगडी, झोका, जातं: गाण्याचा ठेका आधी अंगात असतो, मग तोंडात येतो.

ओवी शिकवताना ही तिसरी गोष्ट मी विसरले होते. वर्गातल्या बहुतेकांनी जातं पाहिलेलं नाही, घरी मिक्सर आहे. बाकावर बसून ओवी म्हणायला लावली तर ती कवितेसारखी सपाट होऊ लागली. मग दोघादोघांना समोरासमोर बसवलं, मध्ये वर्तमानपत्राची घट्ट सुरळी उभी धरायला दिली. हा जात्याचा खुंटा. दोघांनी मिळून तो गोल फिरवायचा आणि फिरवता फिरवता म्हणायचं. ओवीत अक्षरांची संख्या का ताणता येते, हे मला वर्गात बसून कळलं नव्हतं, ते त्या सुरळीनं दाखवलं. फेरा लांबला की अक्षर लांबतं, दम घ्यायचा तिथं चरण थांबतो.

त्या दिवशी घरी कन्नड बोलणारा एक मुलगा म्हणाला, "आमच्या अज्जीकडं पण असलं गाणं हाय." कन्नडमध्ये बीसुकल्लिन पद आहेत, विजापूरकडच्या सूफी परंपरेत दख्खनीतले चक्कीनामे आहेत. जातं एकच, दळणाऱ्या बायांची भाषा वेगवेगळी. सीमेवरच्या वर्गात हे सांगायला भाषण लागत नाही. त्या मुलाला पुढं बोलावलं, सुरळी हातात दिली, पुरे झालं.

४. दुसरी चूक: शब्द 'शुद्ध' करणं

ही सांगायला मला अजून जड जातं. दुसरीतली एक मुलगी आजीकडून शिकलेलं गाणं म्हणत होती. त्यात 'जातीया' असा शब्द आला. मी फळ्यावर 'जाते आहे' लिहिलं आणि म्हटलं, "आपण वर्गात असं म्हणू या." तिनं मान हलवली आणि बसली. त्यानंतर तीन शनिवार ती गायली नाही. ओठ हलवायची, आवाज नाही.

चौथ्या शनिवारी तिची आजी फाटकाशी उभी. "बाई, पोरगी म्हणती आमचं गाणं चुकीचं हाय. कुठं चुकीचं हाय ते दावा की." मी काहीतरी पुटपुटले. आजींनी तिथंच, फाटकाला धरून, दोन कडवी म्हणून दाखवली. मी मनात ठेका धरला. 'जातीया'ची तीन अक्षरं बरोबर टाळीवर पडत होती. माझ्या 'जाते आहे'ची चार अक्षरं. मी भाषा सुधारायला गेले होते आणि लय मोडून बसले होते. ते एक वेळ जाऊ दे. सात वर्षांच्या मुलीला मी तिच्या घरचं बोलणं चूक आहे असं शिकवलं, आणि तिला ते पहिल्या फटक्यात समजलं, हे जास्त वाईट.

मी आजींना वर्गात यायची विनंती केली. त्या आल्या, खुर्ची नको म्हणाल्या, मुलांत खाली बसल्या. नात सुरुवातीला भिंतीकडं तोंड करून बसली होती. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज आला. मी फळा पुसला.

प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, पण त्यासाठी भाषेचा तास आहे. गाणं जसं आलं तसं शिकवावं.

५. सासूचं काय करायचं?

हादग्याच्या गाण्यांत सासुरवास पुष्कळ. सून माहेरी जायला विचारते आणि सासू अटींमागून अटी घालत जाते, अशा एका गाण्यावरून शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. एक बाई म्हणाल्या, लहान मुलांना हे कशाला, शब्द बदलून सासू प्रेमळ करू या. मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता येईना.

वर्गात गाणं झाल्यावर एका मुलानं विचारलं, "मग ती गेली काय शेवटी?" दुसरीकडून लगेच आवाज आला, "आमची आई मे महिन्यात जाते." मुलं गोष्टीतलं माणूस घरातल्या माणसाशी ताडून बघत होती. मग मी आजींना विचारलं, तुम्ही ही गाणी कशी म्हणायचा? त्या हसल्या. "हसत म्हणायचो बाई. सासू तिथंच बसलेली असायची की!"

तेव्हा मला वाटतं, शब्द बदलू नयेत, निवड करावी. मारहाणीची, दुःखाची गाणी मोठ्या वर्गासाठी ठेवावीत. पण सासूला गोड करून घेतलं, तर समोर बसलेल्या सासूला जे सरळ सांगता येत नव्हतं ते गाण्यातून सांगण्याची बायकांची हिकमतच पुसली जाते.

६. आता तुम्ही करा

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत अनेक खंड संपादित केले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पानं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. शब्द बरेच जपले गेले. चाल मात्र छापील पानावर येत नाही, ती गळ्यात असते आणि गळ्याबरोबर जाते. म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकानं एवढं करावं:

– घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक गाणं ऐकावं. आधी विचारावं, मग मोबाईलवर मुद्रित करावं.
– शब्द जसे उच्चारले तसेच लिहावेत. 'सुधारू' नयेत.
– गाणं कधी, कुठं, कोणतं काम करताना म्हणत, ते टिपावं.
– सगळ्यांत खालचा आणि वरचा सूर शोधून, ते किती सुरांत बसतं ते पाहावं.
– टाळी कुठल्या अक्षरावर पडते, त्याखाली रेघ मारावी.
– शेवटी एका लहान मुलाला ते शिकवून पाहावं. तो कुठं अडतो आणि कुठं आपणहून जोरात म्हणतो, हे लिहून आणावं.

बैठकीत वही उघडण्याआधी प्रत्येकानं ते म्हणून दाखवायचं आहे. सुरुवात मी करते. त्या आजींचं गाणं मला आता येतं, 'जातीया'सकट.