काचपेटीतील शिंपले : स्वच्छ पाण्यातील उपासमार

समुद्राचे खारे पाणी काचपेटीत भरून त्यात रंगीत मासे व इतर जलचर पाळण्याचा छंद गेल्या काही दशकांत आपल्या शहरांतून चांगलाच रुजला आहे. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने समुद्रातील जीवसृष्टी काचेआडून न्याहाळण्याची गोडी अनेक पिढ्यांना लावली. पुढे कृत्रिम समुद्री मीठ, पाणी खेळते ठेवणारे पंप आणि गाळण्या बाजारात मिळू लागल्या, तेव्हा समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही अशी पेटी घरी ठेवणे शक्य झाले.

या छंदात मासे बऱ्यापैकी जगतात. परंतु पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कणांवर उपजीविका करणारे शिंपले मात्र बहुधा काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत मरतात. पाणी नितळ असते, तपमान योग्य असते, रोगाचे चिन्ह दिसत नाही आणि तरीही एके दिवशी शिंपल्याचे कवच उघडे पडलेले आढळते. बहुतेक वेळा हा मृत्यू उपासमारीने झालेला असतो. माशाला जे पाणी निर्मळ, तेच शिंपल्याला दुष्काळी. हे एक तत्त्व ध्यानात घेतले, तर घरी किंवा शाळेत शिंपले कसे सांभाळावेत, कोणते मुळीच आणू नयेत आणि आपल्या खाड्यांशी या साऱ्याचा काय संबंध आहे, हे समजणे सोपे जाते.

शिंपला अन्न कसे मिळवितो?

तिसऱ्या, कालवे, शिणाणे, मुळे हे कोकणात नित्य खाण्यात येणारे प्राणी मृदुकाय वर्गातील होत. त्यांचे मऊ शरीर दोन झाकणांच्या कवचात सुरक्षित असते. ही झाकणे एका बाजूस लवचिक बंधाने जोडलेली असतात आणि आतील बळकट स्नायू आवळताच ती मिटतात. स्नायू सैल पडला, की बंधाच्या ताणामुळे कवच आपोआप उघडते. मेलेल्या शिंपल्याचे कवच उघडे राहते, याचे कारण हेच.

शिंपल्याला डोके नसते व चावण्यास दात नसतात. त्याचे कल्ले हे श्वसनाचे साधन तर आहेच, शिवाय अन्न गोळा करण्याची चाळणीही आहे. कल्ल्यांवरील असंख्य सूक्ष्म केसल एका लयीत हालतात आणि पाण्याचा प्रवाह शरीरात ओढून घेतात. पाण्यातील कण कल्ल्यांवर अडकतात, बुळबुळीत स्रावात गुंडाळले जातात आणि मुखाकडे वाहून नेले जातात. मुखाजवळील पाळ्या त्यांची निवड करतात. खाण्याजोगे कण आत जातात. नको असलेले कण स्रावासह धाग्यांच्या किंवा गोळ्यांच्या रूपात बाहेर टाकले जातात. पूर्ण वाढलेला शिणाणा अनुकूल परिस्थितीत तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी अशा रीतीने गाळू शकतो.

त्याचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारी एकपेशीय शैवले. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. शिंपल्याला मानवणारी शैवले साधारणपणे चार-पाच ते काही दशक मायक्रॉन आकाराची असतात. माशांसाठी मिळणारे कोरडे खाद्य कितीही कुस्करले, तरी त्याचे बरेचसे कण यापेक्षा मोठे राहतात आणि ते तळाशी बसून कुजतात.

न दिसणारी कृशता

भरतीओहोटीच्या खाडीत शिंपल्याच्या दाराशी अन्न दिवसरात्र वाहत येते. काचपेटीत परिस्थिती नेमकी उलट असते. पेटीची सारी यंत्रणा तरंगणारे कण काढून टाकण्यासाठीच उभारलेली असते. स्पंजाची गाळणी, फेसावाटे सेंद्रिय द्रव्ये बाहेर काढणारे स्किमर हे उपकरण, वाळूचा थर, हे सर्व मिळून पाण्यातील अन्न नाहीसे करतात.

यात आणखी एक अडचण आहे. मासा उपाशी राहिला, तर त्याचे पोट खपाटीला जाते आणि मालकाच्या ते लक्षात येते. शिंपल्याचे कवच मात्र लहान होत नाही. आतील मांस आटत असते, शरीरातील साठविलेले पोषक द्रव्य संपत असते. बाहेरून प्राणी होता तसाच दिसतो. तो कवच उघडतो, मिटतो, स्पर्शाला प्रतिसाद देतो. म्हणून तो ‘काही न देताही जगतो’ असा समज होतो. वस्तुतः तो साठ्यावर दिवस काढीत असतो.

‘फ्लेम स्कॅलप’ या नावाने विकला जाणारा लालभडक शिंपला हे याचे ठळक उदाहरण होय. कॅरिबियन समुद्रात तसेच हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण भागांत याच्या वेगवेगळ्या जाती आढळतात. कवचाच्या कडेने बाहेर डोकावणारे लाल-पांढरे स्पर्शक आणि कवचाची उघडझाप करीत पोहण्याची लकब यांमुळे तो ग्राहकाला मोहवितो. हिंदी-पॅसिफिक भागातील एका जातीच्या ओठांसारख्या कडेवर विजेसारखी चमक दिसते. हा प्रकाश प्राणी स्वतः निर्माण करीत नसून, कडेवरील सिलिकाचे अतिसूक्ष्म गोलक बाहेरचा प्रकाश परावर्तित करतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. हा प्राणी खडकाच्या कपारीत तंतूंनी स्वतःला बांधून घेतो आणि सतत शैवले गाळीत राहतो. घरगुती पेटीत त्याची ही भूक भागविणे अनुभवी माणसासही कठीण जाते. नवशिक्याने तो विकत घेऊ नये, हे उत्तम.

पेटीची सिद्धता

शिंपले ठेवावयाची पेटी निदान २०० लिटरची असावी. लहान पेटीत पाण्याचे गुण फार लवकर बदलतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढी क्षारता राखण्यासाठी हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ असावे. स्वयंपाकातील मीठ चालत नाही. समुद्री पाण्यातील सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले मिश्रणच वापरावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन आधी नाहीसे करून घ्यावे. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागे उरतात. म्हणून रोज कमी झालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

तपमान २५ ते २८ अंश सेल्सियस आणि सामू ८.१ ते ८.३ असावा. कवचाची वाढ चुन्यावर अवलंबून असल्यामुळे कॅल्शियमचे प्रमाण दर लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावे. नव्या पेटीत लगेच प्राणी सोडू नयेत. जलचरांच्या मलमूत्रातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही, सूक्ष्म शैवले व कणयुक्त अन्न पाण्यात असणारी जुनी पेटी शिंपल्यांना अधिक मानवते.

माशांच्या रोगांवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे शिंपल्यांना घातक ठरतात. अशी औषधे पूर्वी वापरलेली पेटीही त्यांच्यासाठी टाळावी. खेकडे, तारामासे आणि शिंपले फोडून खाणारे मासे त्यांच्यासोबत ठेवू नयेत.

अन्नाची व्यवस्था

सर्वांत खात्रीचे अन्न म्हणजे जिवंत शैवले. आयसोक्रायसिस, कीटोसेरॉस, टेट्रासेल्मिस यांसारखी शैवले शिंपल्यांच्या व कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत नित्य वाढविली जातात. शुद्ध बीज मिळाल्यास ती शाळेच्या प्रयोगशाळेतही वाढविता येतात. काचेच्या स्वच्छ बरण्यांत गाळून उकळलेले व थंड केलेले समुद्राचे पाणी घ्यावे, त्यात शैवलांसाठीचे पोषक द्रावण व थोडे बीज घालावे, बरण्यांना नळीदिव्याचा प्रकाश द्यावा आणि हवेचे बुडबुडे सोडावेत. काही दिवसांत पाण्यास हिरवा किंवा सोनेरी तपकिरी रंग येतो. एक बरणी बिघडली तरी दुसरी हाताशी असावी, म्हणून निदान तीन बरण्या निरनिराळ्या दिवशी सुरू कराव्यात.

अन्न एकदम पुष्कळ न देता दिवसातून अनेकदा थोडे थोडे द्यावे. अन्न देताना गाळणी व स्किमर तासभर बंद ठेवावेत. मात्र पाणी फिरविणारा पंप चालू असावा, म्हणजे कण तरंगत राहतात आणि प्राणवायूही कमी पडत नाही. प्रमाण ठरविण्यासाठी पाण्याच्या रंगाकडे पाहावे. अन्न घातल्यावर पाण्यास अगदी फिकट छटा यावी आणि काही तासांत ती ओसरावी. छटा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली, तर अन्न जास्त झाले असे समजावे व पुढील मात्रा कमी करावी.

अन्न पुरते आहे की नाही, याची खरी साक्ष कवच देते. दर महिन्यास कवचाची लांबी मोजून वहीत नोंदवावी. वाढणाऱ्या शिंपल्याच्या कडेला नव्या कवचाची पातळ, ताज्या रंगाची पट्टी दिसते. लहान वयाच्या शिंपल्यात ही पट्टी कित्येक महिने दिसली नाही, तर प्राणी जगत असला तरी पोसला जात नाही, हे ओळखावे. स्पर्श करूनही कवच सावकाश मिटणे आणि कडेचे मांस आत ओढलेले राहणे ही त्यापुढची, धोक्याची लक्षणे होत. मेलेला शिंपला तत्काळ बाहेर काढावा; त्याच्या कुजण्याने पेटीतील अमोनिया झपाट्याने वाढतो आणि इतर जलचरही दगावतात.

कायदा आणि विवेक

महाकाय शिंपले, म्हणजेच जायंट क्लॅम, आपल्या देशात अंदमान-निकोबार व लक्षद्वीपच्या प्रवाळ भागांत आढळतात. त्यांच्या मांसात राहणारी शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवितात. त्यामुळे इतर शिंपल्यांपेक्षा ते पेटीत अधिक टिकतात, असे परदेशी छांदिष्टांचे अनुभव वाचावयास मिळतात. परंतु भारतात आढळणाऱ्या महाकाय शिंपल्यांच्या जाती २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आल्या. ते समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. खडकासारख्या प्रवाळांनाही असेच संरक्षण आहे. शाळांसाठी खरेदी करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

विकत आणलेला कोणताही जलचर नको झाला म्हणून खाडीत किंवा समुद्रात सोडू नये. मूळच्या अमेरिका खंडाच्या किनाऱ्यावरील शिणाण्याची एक परकी जात अलीकडच्या वर्षांत केरळमधील अष्टमुडी तलावासारख्या जलाशयांत पसरली असून तिने स्थानिक शिंपल्यांची जागा व्यापण्यास सुरुवात केली आहे. परका प्राणी एकदा रुजला, की तो निपटून काढणे जवळजवळ अशक्य होते.

शाळेसाठी एक सोपा प्रयोग

किनाऱ्यावरील शाळांना महागडी पेटी न घेताही हा विषय शिकविता येतो. पाच-पाच लिटरच्या दोन पारदर्शक बरण्यांत खाडीचे सारखेच पाणी भरावे. त्यात हिरवी शैवले मिसळल्यास अधिक चांगले. एका बरणीत पाच-सहा जिवंत शिणाणे ठेवावेत, दुसरीत तितकीच रिकामी कवचे ठेवावीत. दोन्हींत हवेचे बुडबुडे सोडावेत. बरण्यांमागे छापील अक्षरांचा कागद लावून दर अर्ध्या तासाने अक्षरे किती स्पष्ट दिसतात, ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे. काही तासांत जिवंत शिणाण्यांच्या बरणीतील पाणी निवळलेले दिसेल आणि तळाशी बाहेर टाकलेल्या कणांचे धागे आढळतील. रिकाम्या कवचांची बरणी ठेवण्याचे कारण असे, की गाळ नुसता खाली बसला की प्राण्याने तो गाळला, याचा निवाडा तिच्यावाचून होत नाही. प्रयोग संपताच शिणाणे जेथून आणले त्याच खडकांवर त्याच दिवशी परत ठेवावेत.

पेटीकडून खाडीकडे

या बरणीपुढे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला आपली खाडी निराळी दिसू लागेल. जे काम बरणीत सहा शिणाणे करतात, तेच खडकांवरील व कांदळवनांच्या मुळांवरील असंख्य कालवे व शिणाणे खाडीत अखंड करीत असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात महिला बचत गटांनी शिणाणे व कालवे वाढविण्याचे प्रयोग केले आहेत. या संवर्धनास बाहेरून खाद्य घालावे लागत नाही; खाडीचे जिवंत पाणी हेच त्याचे खाद्य.

मात्र ही चाळणी पाण्यातील वाईटही वेचून घेते. सांडपाण्यातील जंतू, कारखान्यांतील जड धातू, विषारी शैवलांचे विष हे सारे शिंपल्याच्या मांसात साठू शकते. तामिळनाडूतील वायलूर येथे १९८१ मध्ये असे विष साठलेले शिंपले खाल्ल्याने माणसे दगावली होती. हे विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून खाडीत सांडपाणी सोडावे की नाही, हा किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीपुढील प्रश्न स्वच्छतेइतकाच लोकांच्या ताटातील अन्नाचाही आहे.

काचपेटीत एक शिंपला वर्षभर पोसून दाखविणे किती कष्टाचे आहे, हे ज्याने अनुभवले, त्याला खाडी हेच काम विनामूल्य करते याची किंमत कळेल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा, पंचायत सदस्यांनी तो पाहावयास यावे आणि घरी पेटी ठेवणाऱ्यांनी शिंपला विकत घेण्यापूर्वी त्याच्या अन्नाची बरणी तयार आहे काय, हे आधी पाहावे. ती तयार नसेल, तर त्याला समुद्रातच राहू द्यावे.