‘कन्फ्यूज’ म्हणजे काय?

‘‘मी कन्फ्यूज झालो.’’ ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठेही हे वाक्य कानी पडते. याचा अर्थ काय, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या बोलण्यात रुळला आहे. कन्फ्यूज होणे म्हणजे गोंधळणे. हे खरे की ते, काही कळेनासे होणे.

कल्याण स्टेशनाचेच पाहा. आगगाडी येथे १८५४ साली पोचली. येथून रुळांना दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. दोन्ही नावे ‘क’ची! नवखा माणूस कन्फ्यूज होतो. कसाऱ्याऐवजी कर्जतच्या गाडीत बसला, तर दिवसाची मजुरी बुडते.

‘कन्फ्यूजन’ म्हणजे गोंधळ, पण तो समजुतीतला. देवीच्या गोंधळाला कन्फ्यूजन म्हणू नये. पोरांच्या गलक्यालाही नाही.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या अक्षरावर थांबू नका. पाटीवरचे नाव शेवटपर्यंत वाचा : क-सा-रा, क-र्ज-त. तरीही शंका राहिली, तर शेजाऱ्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता चढण्यात मात्र नुकसान आहे.

सराव : ‘कन्फ्यूज’ शब्द घालून एक वाक्य लिहा.